सासू लिहून स्पेस दिली की

हात मोडायचाच होता तर डावा मोडायचा होता. पण नाही. बाथरूमच्या ओल्या फरशीवर घसरले, उजवा हात टेकला आणि कट्‌ असा आवाज माझ्याच कानांनी ऐकला. डॉक्टरांनी बोटांच्या मुळापासून कोपरापर्यंत प्लास्टर घातलं आणि हसत म्हणाले, "चला, आता महिनाभर सक्तीचा आराम." मला त्या माणसाचा असा राग आला म्हणून सांगू! आराम म्हणे. शनिवारी दुपारी बाराला माझं पुस्तक छापखान्यात पोचायला हवं होतं आणि तो सोमवार होता.

मी गणिताची पुस्तकं कंपोज करते. लेखक हाताने लिहून देतात, मी ते कॉम्प्युटरवर घेते आणि छापायला तयार पानं करून पाठवते. एका प्रकाशकाची शाळेच्या सगळ्या इयत्तांची पुस्तकं माझ्याकडे आहेत. ऑफिसातली नोकरी सोडून, घरातल्या मागच्या खोलीत टेबल टाकून, एकेका पुस्तकाने हे काम मी मिळवलंय. कोणी ताटात वाढून दिलं नाही.

प्रकाशकाला फोन केला. तो बिचारा हळहळला, पण धंदेवाला माणूस. म्हणाला, "ताई, शनिवारची वेळ हुकली तर मशीन दुसऱ्याला जाईल. शाळा सुरू होतील आणि पुस्तक माझ्या गोदामात बसेल. मला मग ते त्या चौकातल्या ग्राफिक्सवाल्याकडे द्यावं लागेल. आणि एकदा तिकडे गेलं की पुढची पुस्तकंही तिकडेच, तुम्हाला माहीतच आहे. आणि हो, शेवटच्या पानावर तुमची ती नेहमीची ओळ विसरू नका, तिच्याशिवाय छापखाना हात लावत नाही." ती ओळ म्हणजे 'तपासलं. छापायला हरकत नाही.' ही ओळ मी दर वेळी एकेक अक्षर दाबून लिहिते. एवढी तरी माणसाने शुद्धीवर राहून लिहावी.

आणि तो ग्राफिक्सवाला! त्याच्या पुस्तकात त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज एकदा दोनशे अंश छापून आली होती. त्याच्याकडे माझी पुस्तकं जाणार, ह्या विचारानेच मला प्लास्टरच्या आत खाजायला लागलं.

तीन प्रकरणं बाकी होती. डाव्या हाताने करून पाहिलं. अर्ध्या तासात एक उदाहरण झालं आणि त्यातही दोन कंस राहिले. जेवणाच्या टेबलावर हे म्हणाले, "गणित समजणारं कोणीतरी टायपिंगला शोधायला हवं." हे म्हणजे माझा नवरा. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासतात. घरातल्या कुठल्याही संकटावर 'कोणीतरी' काहीतरी करायला हवं, इथपर्यंत त्यांची धाव.

"शोधा की," पलीकडून आवाज आला. "तोवर मी बसते."

सासूबाई. आयुष्यभर शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, आणि रोज माझ्याच समोर बसून जेवणाऱ्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. हे खूश झाले, संकट मिटलं म्हणून ताट उचलून चालते झाले. मी मात्र खूश नव्हते. कारण माझ्या कॉम्प्युटरमध्ये सासूबाई आधीच होत्या.

सांगते. आमच्या ह्या कामात पान जसं दिसतं तसं लिहीत नाहीत. स्क्रीनच्या डाव्या बाजूला खुणा लिहायच्या, उजव्या बाजूला पान तयार होतं. अपूर्णांक हवा, तर 'अपूर्णांक' अशी इंग्रजीत खूण, मग एका महिरपी कंसात वरचा आकडा, दुसऱ्या कंसात खालचा. खुणा लांबलचक आणि भयंकर नाजूक. एक कंस राहिला की अख्खं पान रुसून बसतं. म्हणून प्रत्येक कंपोज करणारा आपल्या एडिटरमध्ये, म्हणजे जिथे ह्या खुणा लिहितो त्या प्रोग्रॅममध्ये, आपापले शॉर्टकट करून ठेवतो. छोटासा शब्द लिहायचा, स्पेस द्यायची, की त्या जागी सगळी खूण आपोआप उलगडते. पथ्य एकच. जो शब्द पुस्तकात येऊ शकतो तो शॉर्टकटला घ्यायचा नाही, नाहीतर भलत्याच ठिकाणी उलगडेल.

आता गणिताच्या पुस्तकात कुठले शब्द कधीच येत नाहीत? शाब्दिक उदाहरणांत आई असते, काका असतो, दुकानदार असतो, टाकी भरणारे नळ असतात. सासू कधी पाहिलीत? दीर? नणंद? सासरचं चिटपाखरू नसतं. म्हणून मी माझं अख्खं सासर शॉर्टकटांत बसवलं.

दीर लिहून स्पेस दिली की चित्राची जागा येते, कारण आमच्या ह्या कामात चित्र जिथे ठेवावं तिथे कधीच राहत नाही, दोन पानं पुढे कुठेतरी जाऊन बसतं. नणंद म्हणजे तळटीप. मजकूर कोणाचाही असो, खालून आपलं मत देणार. जाऊबाई म्हणजे दोन रकान्यांचा तक्ता, शेजारी शेजारी, तुलना करायला.

आणि सासू लिहून स्पेस दिली की उजवीकडच्या पानावर लालभडक चौकट उमटते: 'थांबा! इथे काहीतरी चुकलंय. पुन्हा तपासा.' जिथे शंका आली तिथे मी ती टाकते आणि नंतर सवडीने बघते. एकही चौकट शिल्लक असेल तर छपाईची प्रत निघतच नाही, अशी सोयही मीच केलीय.

ही चौकट मी का केली ते वेगळं सांगायला नको. सासूबाई माझी प्रुफं न विचारता वाचायच्या. टेबलावर कागद ठेवून मी भाजी चिरायला गेले की परत येईपर्यंत त्यावर लाल पेन्सिलीची वर्तुळं. मग फोनवर नणंदेला, मला ऐकू जाईल अशा बेताने, "हल्लीच्या पुस्तकांत चुका किती गं!" लेकी बोले सुने लागे. अशाच एका संध्याकाळी डोकं फिरलं आणि मी ती चौकट बनवली. बनवल्यावर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!

आता त्याच कीबोर्डवर त्या बसणार होत्या.

शॉर्टकटांची नावं बदलून टाकावीत असं मनात आलं. पण ती यादी फार हळवी. एक कंस चुकला की सगळेच शॉर्टकट बंद पडतात, आणि बिघडलेलं निस्तरायला माझ्याकडे हात कुठे होता? म्हणून मी ठरवलं, शॉर्टकट आहेत हे सांगायचंच नाही. पूर्ण खुणा तोंडाने सांगायच्या.

मंगळवारी सकाळी त्या चष्मा पुसून, केस बांधून, परीक्षेला बसल्यासारख्या खुर्चीत बसल्या. मी सुरू केलं. "उलटी तिरकी रेघ. आता एफ. आर. ए. सी. महिरपी कंस सुरू... तो नाही आई, त्याच्या शेजारचा, शिफ्ट दाबून... कंस पूर्ण."

"एका अपूर्णांकाला एवढं?"

"हो ना."

दुपारपर्यंत दीड पान झालं. ह्या गतीने पुस्तक मुलांच्या मुलांना मिळालं असतं. माझा घसा बसला, त्यांची मान अवघडली. चहाचा कप ठेवत त्या म्हणाल्या, "एक विचारू? रोज तू काम करतेस तेव्हा मी स्वयंपाकघरातून ऐकते. टकटक, टक, आणि तू पुढच्या ओळीवर. एवढं लांबलचक तू कधीच लिहीत नाहीस."

चोराच्या मनात चांदणं. मी म्हटलं, "ती माझ्या बोटांची सवय आहे आई. सांगून येणार नाही."

"असं," त्या म्हणाल्या. शाळेत पोरांना त्या कशा घाम फोडत असतील ते त्या एका 'असं'वरून कळलं. मग त्या पुन्हा एफ, आर, ए, सी शोधायला लागल्या.

बुधवारी सकाळी प्रकाशकाचा फोन आला. काम कुठवर आलंय आणि कोण करतंय, ते दोन ओळींत लिहून पाठवा, छापखान्याला दाखवायचंय. मी म्हटलं, पाठवते. सासूबाई म्हणाल्या, "तू कशी पाठवणार? सांग, मी लिहिते." आणि लिहायला त्यांना एकच जागा माहीत होती, माझा एडिटर. समोर उघडाच होता. मला वाटलं, दोनच तर ओळी, लिहू दे. कधीकधी माणसाची अक्कल कुठे चरायला जाते कोण जाणे!

त्या लिहू लागल्या. एकेक अक्षर शोधून, पण शुद्ध. 'माननीय महोदय, सुनेचा हात मोडल्यामुळे काम मी करत आहे.' इथवर ठीक. मी खिडकीबाहेर बघत होते. मग पुढे, 'मी त्यांची'.

मी मान वळवली. त्यांचं बोट 'स' वर होतं.

"आई, थांबा..."

'सा'.

"आई, ते राहू दे, मी फोन करते त्यांना..."

'सास'. त्या म्हणाल्या, "एवढं लिहिलंय तर पूर्ण करू दे." मी घाईने हात पुढे केला, तर प्लास्टर टेबलाच्या कडेवर आपटलं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. तेवढ्यात 'सू' झालं, मी शिकवल्याप्रमाणे त्यांनी शब्दानंतर स्पेस दिली, आणि उजवीकडच्या पानावर माझ्या सासूबाईंनी प्रकाशकाला करून दिलेली स्वतःची ओळख उमटली:

'मी त्यांची थांबा! इथे काहीतरी चुकलंय. पुन्हा तपासा.'

लाल चौकटीत.

त्यांनी ते मोठ्याने वाचलं. मग मनातल्या मनात वाचलं. मग तो शब्द पुसून पुन्हा लिहिला, 'सासू', स्पेस. पुन्हा चौकट. गणिताच्या बाई त्या. एकदा झालेल्यावर विश्वास ठेवत नाहीत, पडताळून बघतात.

"हे काय आहे?"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. काय सांगणार होते? जे होतं ते सांगितलं. पथ्याचं सांगितलं, पुस्तकात न येणारे शब्द कसे निवडले ते सांगितलं. त्यांचा चेहरा हलत नव्हता. मी बोलत होते आणि मनात म्हणत होते, गेलं. आता ह्या उठणार, खोलीत जाऊन दार लावणार, शनिवार गेला, पुस्तक गेलं, सगळी पुस्तकं गेली. आणि वर घरात आयुष्यभराचा अबोला.

"अजून कोण कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"सगळेच."

"नवरा आहे?"

"...आहे."

त्यांनी 'नवरा' लिहून स्पेस दिली. उजवीकडे अर्धं पान पांढरंफेक उघडलं. नुसती मोकळी जागा, मुलांनी उत्तर लिहिण्यासाठी सोडतात ती.

सासूबाई त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं रडताहेत. पण त्या हसत होत्या. चष्मा काढावा लागला इतक्या हसल्या. "माझाच लेक गं! अगदी बरोबर आहे! लहानपणी वहीत असंच अर्धं पान सोडून यायचा!" मग 'दीर' लिहिला. चित्राची चौकट पान सोडून भलतीकडे गेली. "धाकटा! कधी घरात सापडला असेल तर शपथ!" मग 'नणंद'. तळाशी रेघ आणि बारीक अक्षरं. इथे त्या जरा गंभीर झाल्या, "तेवढी काही वाईट नाही ती," आणि मग पुन्हा फुटल्या. मीही हसत सुटले. हसताना हात ठणकत होता, पण छातीवरचं ओझं उतरलं होतं त्यापुढे हात म्हणजे काहीच नाही.

"आणि अपूर्णांक? ते एफ, आर, ए, सी?"

"व्याही."

"व्याही?"

"एक वर, एक खाली, मध्ये रेघ."

"वर कोण?"

"मुलाकडचे."

"अर्थातच," त्या म्हणाल्या, आणि 'व्याही' लिहून स्पेस दिली. काल दिवसभर जो अपूर्णांक आम्हाला रडवत होता तो डोळ्याचं पातं लवेपर्यंत पानावर होता.

मग त्यांनी चष्मा पुन्हा लावला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "म्हणजे मी 'काहीतरी चुकलंय'."

मी म्हटलं, "तुम्ही 'पुन्हा तपासा'."

"एकच की."

"एकच नाही आई. रागावून केली होती, ते खरं. पण ती चौकट जिथे टाकली तिथे दर वेळी चूक निघाली. चौकातल्या त्या माणसाकडे अशी चौकट नाही, म्हणून त्याचे त्रिकोण दोनशे अंशांचे होतात."

त्यांनी चौकटीकडे पुन्हा एकदा पाहिलं. "मग राहू दे," म्हणाल्या. "कामाची आहे." आणि प्रकाशकाच्या चिठ्ठीत सासूच्या जागी 'मी त्यांच्या पतीची आई आहे' असं लिहून चिठ्ठी पाठवली.

त्यानंतर काम असं पळालं की मी बघतच राहिले. दुसऱ्या कोणाला माझे शॉर्टकट पाठ करायला महिना लागला असता. सासूबाईंना पाठ करावंच लागलं नाही. कोण कसं वागतं ते त्यांना माझ्या कितीतरी आधीपासून माहीत. मी नुसतं म्हणायचं, "आई, इथे न संपणारं समीकरण," आणि त्या स्वतःच म्हणायच्या, "मामेसासरे असणार," आणि मामेसासरेच असायचे. गुरुवारी प्रत्येक धड्याच्या शेवटी येणारं खास उदाहरण आलं. त्याला वेगळी चौकट, ठळक अक्षरं, चहूबाजूंनी मोकळी जागा. त्याला माझ्याकडे शॉर्टकट नव्हता. "जावई ठेव," त्या म्हणाल्या, "एवढे लाड दुसऱ्या कोणाचे होतात?" नवीन शब्द यादीत कसा घालायचा ते मी सांगितलं आणि त्यांनी एकही कंस न चुकवता घातला. संध्याकाळी हे लॅबमधून आले, तर आम्ही दोघी स्क्रीनकडे बघून खिदळत होतो. "काय चाललंय?" म्हणून विचारलं. "तुझीच मोकळी जागा भरतोय," त्यांच्या आईने सांगितलं. ते डोकं खाजवत आत गेले.

शुक्रवारी मी प्लास्टर दाखवायला दवाखान्यात जाऊन आले, तोवर त्यांनी शेवटचं प्रकरण संपवत आणलं होतं. शनिवारी सकाळी नऊला पुस्तक पूर्ण झालं. मी देवाचं नाव घेऊन डाव्या हाताने छपाईच्या प्रतीचं बटण दाबलं.

प्रत निघेना. कुठेतरी एक लाल चौकट शिल्लक होती.

"मी ठेवलीय," सासूबाई म्हणाल्या. "मागच्या उत्तरांत. काल तू नव्हतीस म्हणून तशीच ठेवली."

उत्तरांचा भाग मी हात मोडायच्या आधीच करून ठेवला होता. दोन धडधाकट हातांनी. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तीन तास उरलेत आणि हिला आता माझी जुनी पानं उकरायची होती? "आई, ते मी तपासलंय," मी म्हटलं, जरा चढ्याच आवाजात.

"पुन्हा तपास," त्या म्हणाल्या.

लेखकाची हस्तलिखित पानं काढली. उदाहरण सोडवलं, मी डाव्या हाताने कागदावर वेडंवाकडं, त्यांनी तोंडी. दोघींचं उत्तर सारखं आलं, लेखकाच्या पानावरही तेच, आणि माझ्या पानावर मात्र उणे चिन्ह गळून गेलेलं. एका टाकीत पाणी भरण्याऐवजी उपसलं जात होतं, आणि माझ्या उत्तरात ती भरून वाहत होती. छापलं गेलं असतं तर प्रत्येक शाळेतून फोन आला असता. ग्राफिक्सवाल्याचे त्रिकोण आणि माझी टाकी एकाच पंगतीला बसले असते.

"सॉरी," मी म्हटलं. आणि मनापासून म्हटलं.

"त्यात काय. हात घसरतो," त्या म्हणाल्या. चिन्ह घातलं. चौकट काढली. बटण दाबलं आणि स्क्रीनवर पानं सरसर निघाली, एकामागून एक, पहिल्यापासून शेवटपर्यंत, कुठेही लाल नाही. मी खुर्चीत मागे टेकले. सोमवारपासून पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"शेवटची ओळ राहिली. छापखान्याची. मी सांगते, 'तपासलं'..."

"माहितीय मला," त्या म्हणाल्या. कर्सर शेवटच्या पानावर नेला. दोन बोटांनी, आता सराईतपणे, एक छोटासा शब्द लिहिला: 'सून'. आणि स्पेस दिली.

पानावर ओळ उलगडली: 'तपासलं. काम चोख आहे. छापायला हरकत नाही.'

मी ती ओळ दोनदा वाचली. "हे कधी केलंत?"

"काल. तू दवाखान्यात होतीस तेव्हा. यादीत सगळं सासर आहे आणि तूच नाहीस, हे काही बरं दिसत नव्हतं."

"पण आई, 'काम चोख आहे' असं लिहीत नाहीत. 'तपासलं, छापायला हरकत नाही', एवढंच लिहितात."

"का? खोटं आहे?"

ह्या बाईने माझ्या घरात आल्यापासून... म्हणजे मी त्यांच्या घरात आल्यापासून, माझ्या कुठल्याही गोष्टीला चोख म्हटलं नव्हतं. स्वयंपाकाला नाही, पडद्यांना नाही, रांगोळीला नाही. मी डाव्या हाताने डोळे पुसायला गेले, तो पुरेना, म्हणून उजवा वर नेला.

"अगं, प्लास्टर भिजेल," त्या म्हणाल्या आणि आपल्या पदराने माझे डोळे पुसले.

साडेदहाला पुस्तक गेलं. अकराच्या सुमारास प्रकाशकाचा फोन आला. "ताई, मिळालं! पुढच्या इयत्तेचं हस्तलिखित सोमवारी पाठवतो. पण शेवटच्या ओळीत 'काम चोख आहे' असं काहीतरी जास्तीचं आलंय. काढू का?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या माझ्या खुर्चीत बसून, कोणी न सांगता, नव्या पुस्तकासाठी कोरी फाइल उघडत होत्या.

"नको," मी म्हटलं. "सासूबाईंनी तपासलंय ते. राहू द्या."